पान लागल्यावर काय होतं? सर्पदंश, प्रतिविष आणि नवं संशोधन

पाणंद (धागाकर्ता)

आमच्याकडे साप चावला असं कुणी म्हणत नाही, पान लागलं म्हणतात. दिवेलागणीनंतर तर सापाचं नावही काढत नाहीत, "लांबडं" म्हणतात. दक्षिण रायगडात घाटाच्या पायथ्याशी मी डॉक्टर म्हणून १८ पावसाळे काढले आहेत. लावणी तोंडावर आली आहे, म्हणून हा धागा.

आधी एक केस सांगतो. त्यात चूक माझी होती.

जुलैतली सकाळ, साडेसातचा सुमार. १० वर्षांचा मुलगा, पोटात कळ, दोनदा उलटी. आई म्हणाली, "रात्री वालाची उसळ खाल्लीन, तीच बाधली असेल." अंगावर जखम नाही, सूज नाही, ताप नाही. मी आम्लपित्ताचं इंजेक्शन दिलं आणि त्याला बाहेर बाकावर बसवून ठेवलं. पाऊण तासाने सिस्टर आत आल्या, "सर, तो पोरगा डोळे उघडत नाहीये." झोपला असेल म्हणून बघायला गेलो तर जागा होता. पापण्याच वर जात नव्हत्या. तेव्हा मी पहिल्यांदा विचारलं, "रात्री कुठे झोपतो हा?" आई म्हणाली, "खालीच की. घोंगडी टाकून."

मण्यार. तिचे दात इतके बारीक की बऱ्याचदा खूणही सापडत नाही आणि झोपेतला माणूस जागाही होत नाही. पहाटे पोटात कळ, मग पापण्या, मग गिळता येत नाही, मग मान धरवत नाही, मग श्वास. हा क्रम मला पुस्तकातून पाठ होता. बाकावर बसलेल्या मुलात तो मी ओळखला नाही.

प्रतिविष सुरू केलं, पण श्वास मंदावत गेला. श्वासनलिकेत नळी घातली आणि जिल्ह्याच्या ठिकाणापर्यंत खड्ड्यांच्या रस्त्याने आम्ही तिघं आलटून पालटून अंबू बॅग, म्हणजे हाताने श्वास द्यायची पिशवी, दाबत गेलो. तिथे ४ दिवस व्हेंटिलेटर. मुलगा वाचला. महिनाभराने भेटायला आला तेव्हा म्हणाला, "तुम्ही गाडीत माझ्या आईला म्हणालात, काही सांगता येत नाही. ते मी ऐकलं होतं."

ते वाक्य मी विसरू शकलेलो नाही. मण्यारीच्या विषाने माणूस पूर्ण लुळा पडतो, डोळ्यांतल्या बाहुल्याही हलत नाहीत, बघणाऱ्याला मेंदू गेला असं वाटतं. आतला माणूस जागा असू शकतो. म्हणून आमच्याकडे आता सगळ्यांना सांगून ठेवलं आहे: पेशंटशी बोलत राहा, आणि त्याच्यासमोर आशा सोडल्याचं बोलू नका.

प्रतिविष नेमकं काय करतं, यावर लोकांचा बराच गोंधळ असतो. घोड्याला विषाचे लहान लहान, वाढत जाणारे डोस देतात. त्याच्या रक्तात तयार झालेली प्रतिपिंडं, म्हणजे विषाला पकडणारी प्रथिनं, काढून, शुद्ध करून, भुकटीच्या रूपात व्हायलमध्ये (छोट्या बाटलीत) भरतात. आपल्याकडचं औषध नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांसाठी एकत्रच असतं. ते रक्तात मोकळं फिरणारं विष पकडतं. झालेली मोडतोड जोडत नाही. मण्यारीचं विष मज्जातंतूचं टोकच नासवतं आणि ते पुन्हा घडायला दिवस लागतात. तेवढे दिवस यंत्राने श्वास द्यायचा, दुसरा इलाज नाही. नागाचं वेगळं आहे. त्याचं विष स्नायूवरची निरोप घेणारी जागा अडवून बसतं, म्हणून तिथे निओस्टिग्मिन आणि ॲट्रोपिन दिल्यावर पापणी डोळ्यांदेखत वर जाताना मी पाहिली आहे. घोणस आणि फुरसं रक्ताची गोठण्याची ताकद संपवतात. घोणस त्यावर मूत्रपिंडंही धरते.

सुरुवात साधारण ८ ते १० व्हायलनी होते. लहान मुलालाही तेवढंच, कारण औषध वजनाशी नाही, आत गेलेल्या विषाशी लढतं. मात्र प्रत्येक दंशाला ते द्यायचं नसतं. बहुतेक साप बिनविषारी, आणि विषारी सापही कित्येकदा कोरडाच, म्हणजे विष न सोडता, चावतो. विषबाधेची लक्षणं दिसली तरच औषध. लक्षणं नसली तरी २४ तास नजरेखाली ठेवायचं.

आता आकडे. २०११ साली आलेल्या देशव्यापी अभ्यासाने घरोघरी जाऊन मृत्यूंची कारणं विचारली, तेव्हा वर्षाला सुमारे ४६,००० मृत्यू सर्पदंशाचे निघाले. सरकारी नोंदीत त्याच्या आसपासही आकडा नव्हता. त्यातले ९७ टक्के खेड्यांतले, आणि ७७ टक्के दवाखान्याबाहेर झालेले. २०२० मध्ये त्याच पद्धतीने २००० ते २०१९ चा हिशेब झाला: १२ लाख माणसं. निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले.

७७ टक्के दवाखान्याबाहेर. प्रयोगशाळेत कितीही चांगलं औषध निघालं तरी ते या माणसांपर्यंत कसं जाणार, हा प्रश्न मला सगळ्यात मोठा वाटतो. प्रश्न, अनुभव, मतभेद, सगळं लिहा. रात्रीच्या ड्यूटीनंतर उत्तरं देईन.

---

सातबारा

डॉक्टर, मुलाचं वाचून हातातला चहा तसाच राहिला.

मी जुन्नर तालुक्यातला शेतकरी. आमच्याकडे नारायणगावला डॉ. सदानंद राऊत आणि डॉ. पल्लवी राऊत यांनी सर्पदंशावर इतकी वर्षं काम केलंय की पंचक्रोशीत कुणाला पान लागलं तर गाडी आपोआप तिकडे वळते. पण सगळीकडे असं नाही. आम्हाला शाळेत शिकवलं होतं की दंशाच्या वर करकचून बांधा आणि ब्लेडने काप घेऊन रक्त काढा. माझे चुलते आजही खिशात सुतळी ठेवतात. त्यांना काय सांगू?

---

पाणंद

सातबारा, चुलत्यांना सांगा की सुतळी भाऱ्याला वापरा.

घट्ट बांधलं की विष थांबत नाही, रक्त थांबतं. घोणस आणि फुरशाचं विष मांस सडवतं. बांधल्यावर ते एकाच जागी साचतं आणि पाय वाचवणं अवघड होतं. मी काळेनिळे पडलेले पाय पाहिले आहेत, त्यात सापापेक्षा दोरीचा वाटा मोठा होता. काप घेणं तर त्याहून वाईट. ज्याचं रक्त गोठतच नाही त्याला आपण नवी जखम करून देतो.

आणि कुणी बांधून आणलंच तर रस्त्यात सोडू नका. अडकलेलं विष एकदम अंगभर जातं. आम्ही सलाईन लावून, औषध तयार ठेवून मग हळूहळू सैल करतो.

करायचं एवढंच: हाड मोडल्यावर बांधतो तशी काठी किंवा पुठ्ठा लावून हात-पाय स्थिर ठेवा, पट्टी सैलसर. अंगठ्या, बांगड्या, जोडवी लगेच काढा, सूज चढली की ती कापावी लागतात. चालवू नका. उलटी होत असेल तर डाव्या कुशीवर. १०८ ला फोन करा. गाडी लांब असेल तर वाट बघत बसू नका, मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून आणा.

---

वारूळ

१४ वर्षं साप सोडवण्याचं काम करतो. कृपया साप मारून दवाखान्यात आणू नका. मारलेल्या सापाचं तुटलेलं डोकंही काही वेळ चावतं. लांबून मोबाईलवर फोटो निघाला तर ठीक, नाही तर सोडून द्या.

---

रानजाई

मी डहाणू भागात पाड्यावरच्या शाळेत शिकवते. भगतांविषयी इथे कुणीतरी तावातावाने लिहिणारच, म्हणून आधीच लिहिते.

आमच्याकडे दंश झाला की पहिल्यांदा कडुनिंबाचा पाला चावायला देतात. कडू लागला तर विष नाही, गोड लागला तर आहे. मग भगत. तो घरापासून ५० पावलांवर आहे, दवाखाना दोन डोंगर पलीकडे. तो रात्री २ वाजता उठतो, पैसे मागत नाही, माणसाच्या डोक्यावर हात ठेवतो. शिवाय बहुतेक दंश बिनविषारी असल्यामुळे त्याची बहुतेक माणसं बरी होतात. पाड्याने ते डोळ्यांनी पाहिलेलं असतं. त्या विश्वासाला अडाणीपणा म्हणून झटकून टाकलं की संवादच संपतो.

मुंबईच्या राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी इथे डहाणूत आणि ठाणे जिल्ह्यात शहापूरला सर्पदंशावर काम केलं. ही आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची संस्था. मला त्यांचं हे आवडलं की लोक काय समजतात, भगत काय करतात, आशाताईंना काय माहीत आहे, हे त्यांनी आधी विचारून घेतलं. डॉक्टरांचं प्रशिक्षणही केलं, कारण अडचण दवाखान्याच्या आतही असते. नवा डॉक्टर प्रतिविषाची रिॲक्शन येईल या भीतीने पेशंट पुढे पाठवतो आणि त्यात दोन तास जातात.

आमच्या पाड्यावरचा भगत आता दोरा बांधतो, मनगटाला, सैल, आणि म्हणतो, "माझं काम झालं. आता गाडी काढा." त्याला हे कुणी एका सभेत शिकवलेलं नाही. आशाताई दोन वर्षं त्याच्या ओट्यावर बसून बोलत होती.

---

पाणंद

रानजाई, हा प्रतिसाद मी आमच्या तालुक्याच्या बैठकीत वाचून दाखवणार आहे.

रिॲक्शनची भीती खरी आहे. घोड्याचं प्रथिन अंगात गेलं की कुणाला पुरळ, कुणाला थंडी, कुणाचा रक्तदाब एकदम खाली. पण त्यावरही उत्तर आहे आणि ते आपल्या शेजाऱ्यांनी शोधलं. श्रीलंकेत १,००० हून जास्त रुग्णांवर चाचणी झाली, २०११ मध्ये छापून आली. प्रतिविषाच्या आधी ॲड्रेनलिनचा अगदी छोटा डोस त्वचेखाली दिला तर गंभीर रिॲक्शन बऱ्याच कमी होतात. सगळे सवयीने देतात ती हायड्रोकॉर्टिसोन आणि प्रोमेथाझिन मात्र त्यात उपयोगी ठरली नाहीत. ॲड्रेनलिनची अँप्यूल काही रुपयांची असते. आधी थोडं औषध कातडीत टोचून "टेस्ट" करण्याची जुनी पद्धतही सोडायला हवी. त्यातून काही कळत नाही आणि वेळ जातो.

आपल्या महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन वापरून असंच दाखवून दिलं होतं. रक्तदाबाची साधी गोळी, तालुक्याच्या ठिकाणी बसून केलेल्या नोंदी, आणि मृत्यू कुठल्या कुठे खाली आले. इथे काम करताना मला त्याचं फार बळ वाटतं.

---

प्रयोगवही

प्रथिनांवर काम करते, पुण्यात. संशोधनाच्या बाजूने थोडं सविस्तर लिहिते.

पहिली अडचण विषाचीच आहे. आपल्या प्रतिविषासाठी लागणारं बहुतेक विष तामिळनाडूतून येतं, चेन्नईजवळच्या इरुळा लोकांच्या सहकारी संस्थेतून. पिढ्यान्‌पिढ्या साप पकडणाऱ्या या समाजाने १९७८ मध्ये संस्था काढली. साप पकडायचा, विष काढायचं, पुन्हा सोडून द्यायचा. त्यांच्यातल्या वडिवेल गोपाल आणि मासी सदैयन यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, आणि ती बातमी वाचून मला फार बरं वाटलं. पण एकाच जातीच्या सापाचं विष मुलुखागणिक बदलतं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत कार्तिक सुनगर यांच्या गटाने २०१९ पासून हे एकामागून एक दाखवलं आहे. राजस्थानातली सिंध मण्यार, तिकडचं फुरसं, ईशान्येकडचा नाग, यांच्या विषापुढे आपलं औषध तोकडं पडतं. मग व्हायल वाढवाव्या लागतात, खर्च वाढतो, रिॲक्शनही.

दुसरी अडचण: व्हायलमधल्या प्रतिपिंडांपैकी विषाशी भिडणारी थोडीच असतात. बाकी घोड्याला इतर गोष्टींविरुद्ध झालेली.

म्हणून दोन वाटा चालू आहेत. एक, नेमकी प्रतिपिंडं. २०२४ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या स्क्रिप्स संस्थेने सुनगर यांच्या गटाबरोबर 95मॅट5 नावाचं मानवी प्रतिपिंड जाहीर केलं. नाग, मण्यार, आफ्रिकेतला ब्लॅक मांबा, या सगळ्यांत असलेल्या एका जातीच्या चेताविषाला (मज्जातंतूंवर काम करणाऱ्या विषाला) ते अडवतं. उंदरांमध्ये. २०२५ च्या मे महिन्यात टिम फ्रीड यांच्या रक्तातून काढलेली दोन प्रतिपिंडं आणि व्हॅरेस्प्लॅडिब हे औषध, असं मिश्रण पुढे आलं. या माणसाने १८ वर्षं स्वतःला विष टोचून घेतलं आणि २०० हून जास्त वेळा साप चावून घेतले. कुणीही असं करू नये. त्या मिश्रणाने नाग-मण्यार कुळातल्या १९ सापांपैकी १३ सापांच्या विषातून उंदरांना पूर्ण वाचवलं. पुन्हा सांगते, उंदरांना. आणि घोणस-फुरसं त्यात नाहीत. आपल्याकडे घोणस किती जीव घेते हे पाहता हे विसरून चालणार नाही. २०२५ च्या जानेवारीत डेव्हिड बेकर यांच्या गटाने संगणकावर रचलेली छोटी प्रथिनं दाखवली, तीही चेताविषांवर.

दुसरी वाट साध्या औषधांची, आणि माझा जीव तिच्यात जास्त अडकला आहे. व्हॅरेस्प्लॅडिब मुळात हृदयविकारासाठी तयार झालं होतं, त्या कामात ते टिकलं नाही. पण सापांच्या विषातलं फॉस्फोलायपेज नावाचं एन्झाइम ते अडवतं, आणि ते गोळीतून देता येतं. भारत आणि अमेरिकेतल्या रुग्णांवर प्रतिविषाच्या जोडीने चाचणी झाली. मुख्य निकष पूर्ण झाला नाही, हे स्पष्टच सांगायला हवं. लवकर गोळी मिळालेल्यांमध्ये मात्र फायद्याची चिन्हं दिसली. नागाच्या विषाने मांस सडतं त्यावर टिन्झापरिन हे रक्त पातळ करणारं जुनं औषध उपयोगी पडेल, असं २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातून आलं आहे, तेही प्राण्यांवरचं काम.

---

पाणंद

प्रयोगवही, मनापासून आभार. गोळीचा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. आशाताईच्या पिशवीत ओआरएसच्या पाकिटाशेजारी ती असेल, दंश झाल्या जागी देता येईल, आणि मग गाडी. प्रतिविष गोठ्यात बसून देता येत नाही. गोळी देता येईल. ७७ टक्क्यांच्या प्रश्नाला भिडणारी वाट मला हीच दिसते.

---

अबोली

लिहू की नको असा विचार करत होते.

मला ४ वर्षांपूर्वी घोणस चावली, सोयाबीन काढताना. १२ दिवस दवाखाना, ५ वेळा डायलिसिस. मूत्रपिंडं सावरली, घरी आले, सगळे म्हणाले जीव वाचला. पण पुढच्या वर्षभरात मी वेगळीच बाई झाले. सकाळी उठवेना. थंडी वाजायची. पाळी बंद झाली, वय ३३. केस विरळ झाले. सासूबाई म्हणायच्या, धास्ती घेतलीय पोरीने. मलाही तेच वाटायचं. तीन डॉक्टर झाले, रक्तवाढीच्या गोळ्या झाल्या. शेवटी नागपूरला एका बाईंनी विचारलं, "कधी साप चावला होता का?" हार्मोन तपासले तर मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीचं काम जवळजवळ थांबलेलं. आता गोळ्या चालू आहेत आणि मी पुन्हा शेतात जाते. गमबूट घालून.

हे इतर कुणाला झालंय का?

---

पाणंद

अबोलीताई, बरं झालं लिहिलंत. धास्ती नव्हती ती.

घोणसच्या विषाने पिट्युटरीतल्या बारीक रक्तवाहिन्यांना इजा होऊ शकते. बाळंतपणात फार रक्तस्राव झाल्यावर काही बायकांना जे होतं, तसंच. म्यानमारमधून आणि दक्षिण भारतातून अशा केसेस छापून आल्या आहेत. काहींना लगेच होतं, काहींना वर्षांनी लक्षात येतं. घोणस चावून मूत्रपिंडावर आलेल्या माणसाला नंतर असा थकवा आला तर थायरॉइड, कॉर्टिसोल आणि बाकी हार्मोन तपासायलाच हवेत. आमच्या डिस्चार्ज कार्डावर "१ महिन्याने या" एवढंच छापलेलं असतं. ते मी बदलून घेतो.

जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे की सर्पदंशाने जेवढे दगावतात त्याच्या साधारण तिप्पट माणसांना अवयव गमवावा लागतो किंवा कायमचं अपंगत्व येतं. त्यांची मोजदादच नीट होत नाही. २०१७ मध्ये संघटनेने सर्पदंशाला दुर्लक्षित रोगांच्या यादीत वरच्या गटात घेतलं. आपल्याकडे २०२४ च्या मार्चमध्ये राष्ट्रीय कृती आराखडा आला, २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे म्हणून. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केंद्राने राज्यांना प्रत्येक सर्पदंशाची नोंद बंधनकारक करायला सांगितलं. नोंद झाली तर तुमच्यासारख्यांचा पाठपुरावा होईल.

---

सातबारा

नोंदीवरून आठवलं. शेतकरी सर्पदंशाने गेला तर गोपीनाथ मुंडे अपघात सुरक्षा योजनेतून घरच्यांना २ लाख मिळतात. पण दुःखात लोक शवविच्छेदन न करताच घेऊन जातात आणि मग कागद उभा राहत नाही. माझ्या मावसभावाच्या घरी हेच झालं.

---

वारूळ

तळकोकण आणि गोव्यातल्यांसाठी: चापड्यासारखे विषारी साप प्रतिविषाच्या त्या चौघांत (नाग, मण्यार, घोणस, फुरसं) नाहीत, आपल्या प्रतिविषाचा त्यांच्यावर भरवसा धरता येत नाही. तरी दवाखान्यात जायचंच. आणि मच्छरदाणी! गादीखाली नीट खोचलेली. नेपाळच्या तराईत पाहणी झाली तेव्हा मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना दंश बराच कमी दिसला. मण्यारीवर याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही.

---

घाटमाथा_ते_मस्कत

मी मस्कतला असतो. आई सिंधुदुर्गात एकटी, वय ७१, काजूची बाग आहे, पडवीत खालीच झोपते. तिच्या जवळच्या आरोग्य केंद्रात मी फोन करून नेमकं काय विचारू?

---

पाणंद

चार गोष्टी विचारा. प्रतिविषाच्या किमान १० व्हायल आहेत का. ॲड्रेनलिन आणि निओस्टिग्मिन आहे का. अंबू बॅग चालू आहे का, आणि रात्री ती दाबायला माणूस आहे का. आणि कोरड्या, नव्या काचेच्या नळ्या आहेत का.

शेवटचं वाचून नवल वाटेल. रक्त गोठतंय का हे बघायला आम्ही २ मिली रक्त काचेच्या नळीत घालतो, २० मिनिटं हलवत नाही, मग एकदाच तिरकी करतो. पाण्यासारखं वाहिलं तर घोणस किंवा फुरसं, औषध सुरू. पण नळी साबणाने धुतलेली असेल किंवा प्लास्टिकची असेल तर चांगलं रक्तही गोठत नाही आणि आपण फसतो. सगळ्यात महत्त्वाची तपासणी, आणि तिला लागते ती फक्त एक नळी आणि घड्याळ.

---

घाटमाथा_ते_मस्कत

आज सकाळी फोन केला. बाईंनी न कंटाळता कपाट उघडून बघितलं. व्हायल १४, पुढच्या वर्षीची तारीख. ॲड्रेनलिन आहे. अंबू बॅग मोठ्यांची आहे, मुलांची नाही. नळ्या प्लास्टिकच्या.

कणकवलीच्या भावाला सांगितलंय, तो उद्या काचेच्या ५० नळ्या आणि मुलांची अंबू बॅग घेऊन जाईल. आईसाठी खाट आणि मच्छरदाणी पण. ती म्हणतेय खाटेवर झोप लागत नाही. तिच्याशी रात्री पुन्हा बोलतो.